अर्धं आणलेलं स्वप्न

अवसरी बुद्रुकपासून आण्याच्या पठारापर्यंत कुठल्या घरात कोण कुणाच्या स्वप्नात येऊन मरतं, हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस माझ्या बायकोचा मामा होता. धंदा मोटरा भरण्याचा. विहिरीवरची मोटर जळाली की आतलं काळं पडलेलं वायंडिंग उपसायचं आणि तांब्याची नवी तार भरायची, हे काम त्यांनी अवसरीच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या जन्मात केलं. अंगाला कायम वार्निशचा वास, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, आणि कानावर पेन्सिलीच्या जागी खडू. मी बैलांचा व्यापारी. आण्याहून अंगावरच्या कपड्यांनिशी राजुरीला आलो, दुसऱ्यांचे बैल बाजाराला नेता नेता स्वतःचे घेतले. फुकट कौतुक करायची मला सवय नाही. बैलाचं वय मालकाच्या तोंडावरून नव्हे, बैलाच्या दातांवरून ठरवावं, हा माझा नियम, आणि माणसांनाही मी तोच लावतो. असल्या माणसाला मामांनी एकदा असं धरलं की मला सुटता आलं नाही. ते कसं, हे सांगायला बसलोय.

लोक भेटले की पाऊसपाणी विचारतात, पोरं काय करतात विचारतात. मामा विचारायचे, "काय बघितलं झोपंत?" वेळ बघायची नाही, माणूस बघायचा नाही. माझ्या मेहुणीच्या लग्नात पंगतीला बसलेल्या व्याह्यांना त्यांनी हेच विचारलं. व्याही तालेवार माणूस, अंगठ्या घातलेला. पहिल्यांदा हसला. मग बुंदी हातात तशीच धरून सांगायला लागला की माझी मयत आई मला रोज ओळखत नाही, दारातून परत पाठवते. पंगत उठली, दुसरी बसली, हे दोघं तिथंच. वाढपी दोनदा त्यांच्या पानांत भात वाढून गेला. शेवटी व्याही डोळे पुसत उठला आणि नवरीकडच्यांनी मानपानात कमी केलं म्हणून आदल्या दिवशी केलेलं भांडण त्याने आपणहून मिटवलं. त्या लग्नात आमच्या बाजूला झालेला तेवढाच फायदा.

मामांची दुसरी खोड खडूची. आलेल्या मोटरीवर ते गाव, हॉर्सपॉवर आणि बिघाड लिहायचे, तसंच तिच्या मालकाचं स्वप्नही. "मंचर, पाच एचपी, बुश गेले, भाऊ पुरात वाहून जातो." "कळंब, तीन एचपी, सिंगल फेजवर जळाली, बाप बोलत नाही." त्यांच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, दोन्ही बिघाडच. यातून एकदा मोठं रामायण झालं. एका जावयाची मोटर भरून तयार होती आणि ती न्यायला त्याची सासूच टेम्पो घेऊन आली. मोटरीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं: "सासू रोज विहिरीत पडते." बाईने ते दोनदा वाचलं. "कुणाची सासू?" मामा म्हणाले, "तुमीच." बाई भडकली. "मेल्याला मी मरायला पायजे व्हय?" मामा शांतपणे बेअरिंग पुसत म्हणाले, "पडता तुमी, पर दोर धरून तो बसलेला असतो, बाई. रातभर वडतो. सकाळी त्याचे दंड दुखत्यात. मला दाखवले त्यानं." बाई टेम्पोत पुढं बसायच्याऐवजी मागं मोटरीशेजारी बसून गेली, असं बघणारे सांगतात.

स्वप्नात साप दिसला तर धन, दात पडला तर घरात मृत्यू, असली कोष्टकं कुणी सांगायला लागला की मामा चिडायचे. ते म्हणायचे, जळालेली मोटर पुढं काय होणार ते सांगत नाही, मागं काय झालं ते सांगते. जळका वास घेऊन ते ओळखायचे, मोटर लोडने गेली की विहिरीतलं पाणी संपल्यावर कोरडी चालून गेली. स्वप्नाचंही तसंच. आणि त्यांचा प्रश्न एकच असायचा. कोण मेलं, कसं मेलं, यात त्यांना रस नसे. ते विचारायचे, "आन् तुमचे हात कुठं व्हते?"

आमच्या भागात निम्म्या लोकांना बिबट्या उसात दिसतो आणि उरलेल्यांना झोपेत. एका बाईच्या स्वप्नात तो रोज तिच्या पोराला उचलून न्यायचा. घरच्यांनी अंगारा केला, उतारा केला, वस्तीभोवती दिवे लावले. मामा कॉइल गुंडाळत विचारत होते, मी तिथंच बसलो होतो.

"हात कुठं व्हते तुझे?"

"कडीवर."

"कडी आतली का भायेरची?"

"आतली."

"आन् पोरगं?"

बाईने तोंडाला पदर लावला. पोरगं बाहेर होतं. पोरगं पुण्याला वसतिगृहात होतं, मला न्या म्हणून फोनवर रडायचं, आणि शिकायचं तर रडून चालत नाही म्हणून हीच फोन ठेवून द्यायची. मामांनी तिला पोराला परत आण असं सांगितलं नाही. "एकदा कडी काढून तर बघ," एवढंच म्हणाले. बाई दर दुसऱ्या रविवारी पुण्याला जायला लागली. पोरगं तिथंच शिकलं. बिबट्याही गेला नाही. पण आता तो बांधावरच बसून असतो, आत येत नाही, असं ती सांगायची, जसं काही तो तिच्या माहितीतला झाला होता.

मामी होत्या तोवर त्या दर दोन तासांनी चहा घेऊन शेडच्या दारात उभ्या राहायच्या. मामा वर न बघता म्हणायचे, "थांब, एवढी कॉइल बसू दे." मामी थांबायच्या. चहावर साय धरायची. मग त्या कप तिथंच लोखंडी पेटीवर ठेवून जायच्या आणि मामा तो गार चहा केव्हातरी पिऊन टाकायचे. मामी गेल्यावर त्यांचं स्वप्नांचं वेड वाढलं, असं माझी बायको म्हणते. मी एकदा चेष्टेत विचारलं होतं, "मामा, सगळ्यांचं घेता, तुमाला काय पडतं?" ते म्हणाले, "मला झोपच लागत न्हाई, पावणं," आणि मोटर उलटी केली.

आता माझं. माझ्या थोरल्या भावाशी मी अकरा वर्षं बोलत नव्हतो, आणि मला त्याची लाज नव्हती, उलट ऐट होती. आमचे आबा वारले तेव्हा मी चाकणच्या बाजारात होतो. मी पोचायच्या आत थोरल्याने अग्नी दिला. मी आण्याचा घाट चढून गेलो तेव्हा समोर नुसत्या ज्वाळा. बापाचं तोंड मला बघू दिलं नाही, असं मी तिथंच, सगळ्या भावकीदेखत ओरडलो. थोरला खाली मान घालून उभा राहिला, आणि गुन्हा कबूल असलेला माणूसच असा उभा राहतो, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. त्यानंतर लग्न असो, वास्तुशांत असो, जिथं चार माणसं जमतील तिथं मी ही गोष्ट सांगायचो. तुला उशीर का झाला असं कुणी विचारलंच, तर चाकणचं ट्रॅफिक म्हणायचो. चाकणच्या ट्रॅफिकचं नाव घेतलं की आमच्या भागात पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

आणि मग ते स्वप्न पडायला लागलं. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग कधी कधी ओळीने तीन दिवस. बाजार भरलेला आहे. मी सौद्याला बसलोय. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. एकदा हात धरला की सौदा तुटेपर्यंत किंवा जुळेपर्यंत सोडायचा नाही. मध्येच सोडला तर बाजारात पत जाते. तर रुमाल टाकलेला आहे, समोर थोरला बसलाय, आणि मी धरलेला हात हळूहळू गार पडतो. मी बोटं दाबतो. उलट बोट येत नाही. मी ओरडत उठतो.

बायकोने हे ऐकलं आणि धास्तावली. तिचं म्हणणं, थोरल्या भावजींचं काहीतरी बरंवाईट होणार, तुम्ही एकदा जाऊन या. मी म्हणालो, मी मरेन पण जाणार नाही. ती म्हणाली, मग निदान मामांकडं तरी जा. त्याच सुमाराला माझी विहिरीवरची मोटर जळाली होती. एका खेपेत दोन्ही कामं होतील असा हिशेब करून मी मोटर गाडीत टाकली आणि अवसरीला गेलो.

स्वप्नाचा अर्थ मी जाताना ठरवूनच गेलो होतो. "मामा, थोरल्याला पस्तावा झालाय. त्याला बोलायचंय, पण तोंड नाही. म्हणून हात गार. बरोबर?"

मामा मोटरीचा वास घेत होते. "कोरडी चालली ही," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. "जावईबापू, तुमी इलाज न्यायला आलाय का माल खपवायला?"

"म्हंजे?"

"थोरला समोर बसलाय म्हणता. त्याचे हात कुठं व्हते?"

"रुमालाखाली. सांगितलं की."

"एक रुमालाखाली. दुसरा?"

माझा पारा चढला. मी म्हणालो, हा काय पोलीस तपास आहे का, तुमचं डोकं तारेत गुंडाळलंय, माझी मोटर भरा आणि परवा तयार ठेवा. रागाच्या भरात त्यांच्या पेटीला लाथ घातली आणि अंगठा धरून लंगडत गाडीत बसलो. मागून मामांचा आवाज आला, "सपान अर्धं आणलंय तुमी, पावणं."

परवा गेलो. मोटर शेडच्या मध्यभागी उघडी पडली होती. एका बाजूला नवी लालभडक तार, दुसऱ्या बाजूला रिकाम्या खाचा. अंगावर खडूने लिहिलेलं: "राजुरी, साडेसात एचपी, अर्धं."

"हे काय?"

"तुमी अर्धं आणलं, मी अर्धं भरलं."

मी आयुष्यात पुष्कळ अडेल माणसं वाकवली आहेत. रुमाल पडल्यावर समोरचा किती ताणेल आणि कुठं तुटेल, हे मला त्याच्या मनगटावरून कळतं. मामांना मी दुसरीकडं मोटर नेतो म्हणालो, ते म्हणाले न्या. बैलांचा मका वाळतोय म्हणालो, ते म्हणाले वाळणारच. तुमच्या भाचीला सांगतो म्हणालो. ते म्हणाले, "तिनंच फोन केलाय, सोडू नका म्हणली." मग माझ्याकडं ओढायला काही उरलं नाही. मी पेटीवर बसलो. त्याच पेटीवर, जिच्यावर मामी चहा ठेवायच्या.

मी म्हणालो, "थोरल्याचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर असतात."

मामांनी तार उचलली. "मंग तुमच्या हातात कुणाचा हाये?"

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. दर वेळी मी त्या स्वप्नात थोरल्याच्या मांडीकडं बघतो, त्याचे दोन्ही हात तिथं दिसतात, आणि मग मी रुमालाखालचा हात चाचपतो. तो हडकुळा असतो. करंगळी वाकडी. आबांची करंगळी नांगराच्या फाळाने वाकडी झाली होती.

आबा गेले त्या दिवशी सकाळीच, चाकणच्या बाजारात, थोरल्याचा फोन आला होता. माझा उजवा हात रुमालाखाली होता, मी डाव्या हाताने फोन कानाला लावला. तो म्हणाला, "आबा तुझं नाव घेत्यात. निघ." मी म्हणालो, "निघालोच." आणि निघालो नाही. गिऱ्हाईक चिवट होतं, जोडी चांगली होती, मला वाटलं अजून पाच मिनिटं. ती पाच मिनिटं दुपार टळेपर्यंत चालली. त्या सौद्यात तोंडात बोटं घालावीत असा नफा झाला, हेही मी लोकांना सांगत आलोय. तो सौदा त्याच दिवशीचा, एवढंच सांगत नव्हतो. ट्रॅफिक लागलं होतं. अर्धा तास.

हे सगळं मी सांगत होतो तोवर मामांनी एकदाही वर बघितलं नाही. रिकाम्या खाचांत एकेक वेढा बसत गेला. माझं संपलं तेव्हा त्यांचंही संपत आलं होतं. त्यांनी अंगठ्याने "अर्धं" पुसलं. मला वाटलं, आता ते अर्थ सांगतील. ते म्हणाले, "हे मला सांगून उपयोग न्हाई. मी कोण? ज्याचे हात मोकळे व्हते त्याला सांगा."

"आणि तो मला हाकलून देईल तर?"

"दिऊ द्या. हात तर सुटंल."

मोटर विहिरीत सोडल्यावर चार दिवस मी कारणं काढत बसलो. पाचव्या दिवशी आण्याला गेलो. थोरला कांद्याच्या चाळीपुढं पोत्यावर बसून कांदा निवडत होता. वहिनीने मला पाहिलं आणि तिच्या हातातली टोपली तशीच राहिली. "वाट चुकलात जणू," ती म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली. मी समोर बसलो. इतकी वर्षं घोटून ठेवलेली शिवी तोंडात आली होती, ती गिळली आणि सगळं सांगितलं. रुमाल, गिऱ्हाईक, पाच मिनिटं.

थोरला कांदा निवडतच होता. सडका एकीकडं, चांगला एकीकडं. मग म्हणाला, "मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"पुन्यांदा फोन लावला मी. आबा गेल्याव. तुझ्या बाजारातल्या जोडीदारानं उचलला. म्हणला, हात रुमालात हाये, सौदा जुळायला आलाय, मोडता येत न्हाई. त्याला म्हणलं, असू दे, सांगू नगंस."

"आणि भावकीला?"

"भावकीला म्हणलं, वाटंत हाये. दोन तास धरलं त्यांना. मंग दीस मावळायला लागला, कुणी ऐकंना."

माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. मी म्हणालो, "अरे, मग अकरा वर्षं मी तुला चारचौघांत शिव्या घालतोय, एकदा तरी बोलायचं!"

तो म्हणाला, "माझ्याव वरडत व्हतास तवर तुझं चाललं व्हतं. माझ्याव न्हाई वरडला असतास, तर तुला सवताकडं बघावं लागलं असतं. म्हणलं, वरडू दे. माझे कान जाड हायेत."

याचा मला अजून राग आहे. खरंच आहे. इतकी वर्षं मी ज्याला खोटं ठरवत होतो, त्याने मला एका वाक्याने लहान केलं, तेही कांद्यावरची नजर न हलवता. पण त्या दिवशी मी त्याच्याजवळ पोत्यावर सरकलो आणि अंधार पडेपर्यंत दोघांनी कांदा निवडला. मी चांगल्यात दोन सडके टाकले, ते त्याने न बोलता काढले.

स्वप्न पडायचं थांबलं का, असं लोक विचारतात. नाही. वर्षातून दोन-तीनदा पडतं. हात अजून गार असतो. पण मी त्यातून ओरडत उठत नाही, सकाळी थोरल्याला फोन लावतो, तो म्हणतो, "आलं व्हतं का?" मी म्हणतो, "आलं व्हतं." मग आम्ही बाजाराचं बोलतो.

मामा गेल्या वर्षी गेले. काम करता करता गेले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते दवाखान्यात गेले, आणि शेवटच्या दिवशीसुद्धा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला काय बघितलं म्हणून विचारत होते. शेड रिकामी करायला भाचेमंडळी जमली, मीही गेलो. ज्यांच्या मोटरा होत्या ते घेऊन गेले. शेवटी एक राहिली, कोपऱ्यात पोत्याखाली. जुनी, तीन हॉर्सपॉवरची. ती मामांच्या स्वतःच्या विहिरीवरची होती, विहीर आटल्यावर काढून ठेवलेली. पोतं उचललं तर अंगावर त्यांच्याच अक्षरात खडू होता, मधलं एखादं अक्षर फिकट झालेलं:

"घरची. चहा घेऊन दारात उभी. हात तारेत होते. थांब म्हणालो."

मला झोपच लागत नाही म्हणणारा माणूस.

भंगारवाला बाहेर उभा होता. मी त्याला परत पाठवलं आणि मोटर राजुरीला आणली. ती आमच्या ओसरीवर आहे. काही कामाची नाही, वाटेत येते, बायको तिच्यावर ठेचकाळते आणि तरीही हलवू देत नाही. थोरला आला की त्याला तिच्यावरच टेकायचं असतं, उंची बरोबर आहे म्हणतो. मी त्याला उठवतो आणि खुर्ची देतो. तो वैतागतो. "येवढं काय सोनं लागलंय त्या मोटरीला?"

मी म्हणतो, "खडू पुसंल, दादा. हिकडं बस."